सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर फिरत नाही? आधी आवाज ऐका

जुलैत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात आणि नेमका तेव्हाच ड्रायर बंद पडतो. पावसाळ्यात तो जास्त वेळ चालतो, दमट खाऱ्या हवेने स्विचच्या पत्त्या काळ्या पडतात आणि आडोसा शोधणारे उंदीर मशीनखाली शिरतात. मेकॅनिकने "मोटर गेली" म्हटलं की लोक लगेच मान डोलावतात. मोटर जळतेही, पण बहुतेक वेळा बिघाड कंडेन्सर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग), ब्रेकची वायर किंवा झाकणाचा स्विच यांपैकी एकात असतो, आणि ही तिन्ही कामं मोटरपेक्षा कितीतरी स्वस्तात होतात. इथे बोलतोय ते दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनबद्दल.

टबातले कपडे काढा, झाकण नीट बंद करा, टायमर फिरवा आणि कान द्या. काहीच आवाज नाही, म्हणजे बहुधा वीज मोटरपर्यंत पोचत नाही. नुसता "हूं" असा घुमल्यासारखा आवाज येतो, म्हणजे वीज पोचते पण मोटर सुटत नाही. मोटर जोरात फिरल्याचा आवाज येतो आणि टब मात्र जागच्या जागी, म्हणजे कपलिंग, म्हणजे मोटर आणि टब जोडणारा भाग, सुटलं आहे. घुमणारी मोटर पाच सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नका. अडकलेल्या मोटरचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) झपाट्याने तापतं आणि मग ती खरोखरच जळते.

आता प्लग काढा. बटण बंद करून भागणार नाही, प्लगच सॉकेटमधून बाहेर हवा. मोरीत किंवा बाल्कनीत ओल्या लादीवर उभं राहून हे काम करू नका. मशीन कोरड्या जागी ओढून मागचं झाकण उघडा. कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो, म्हणून त्याच्या टोकांना होल्डरमधल्या साध्या पिवळ्या बल्बच्या वायरी दोन-तीन सेकंद लावून तो रिकामा करा. एकाच डब्यात दोन कंडेन्सर असले तर कॉमन टोक धरून दोन्ही बाजू रिकाम्या करा.

आवाज घुमणारा असेल तर मोटरच्या वरचा ब्रेक ड्रम बघा. ड्रायरचं झाकण बंद असताना तो हाताने सहज फिरायला हवा. झाकण बंद केलं की एक बारीक वायर ब्रेकचा दांडा ओढते आणि ब्रेक शू ड्रमपासून सुटतो. झाकण उघडलं की स्प्रिंग त्याला परत ड्रमवर दाबते. वायर ताणून सैल झाली किंवा तुटली, तर ब्रेक कायम लागलेला राहतो. दांडा बोटाने ओढल्यावर ड्रम मोकळा झाला, तर दोष वायरचा. सैल असेल तर हुकाच्या पुढच्या भोकात अडकवा, गंजली असेल तर नवीन घाला. शू ड्रमपासून एक-दोन मिलिमीटर सुटला की पुरे.

दांडा ओढूनही ड्रम जड फिरत असेल तर आतल्या आणि बाहेरच्या टबामध्ये हात घाला. रुमाल, लहान मुलाचा मोजा, ब्लाउजची नाडी, असं काहीतरी तळाशी गुंडाळलेलं सापडतं. बाहेरच्या टबात पाणी साचलंय का तेही बघा. या मशीनचं पाणी उताराने वाहतं. ड्रेन पाइप उंबऱ्यावरून वर चढवून मोरीत सोडला असेल तर पाणी मागे राहतं आणि टब त्यात घासत फिरतो.

ड्रम मोकळा फिरतोय आणि तरी मोटर घुमते, तर बहुधा कंडेन्सर गेलाय. ड्रायरच्या मोटरला साधारण 4 ते 6 मायक्रोफॅरॅडचा लागतो. पुष्कळ मशीनमध्ये धुण्याच्या मोटरचा आणि हा एकाच डब्यात असतात आणि वर "10+5" असं काही छापलेलं असतं. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कंडेन्सर मोजता येणाऱ्या मल्टीमीटरवर 5 चा कंडेन्सर 4.5 च्या खाली दाखवत असेल तर बदला. फुगला असेल किंवा तेल सुटलं असेल तर मोजायचीही गरज नाही. दुकानात, मुंबईत असाल तर लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला, जुना कंडेन्सर सोबत न्या. मायक्रोफॅरॅड तोच हवा, व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त चालेल, कमी चालणार नाही. ड्रायर फिरतो पण नेहमीचा वेग घेत नाही, कपडे निथळतच बाहेर येतात, तेव्हाही ब्रेक आणि कंडेन्सर याच दोन जागा आधी बघाव्यात.

मोटर फिरते, टब फिरत नाही, हे सगळ्यात सोपं. टबाचा दांडा कपलिंगमध्ये बोल्टने आवळलेला असतो आणि बोल्टवर चेक नट असतो. दांड्याची सपाट बाजू किंवा खाच बोल्टसमोर आणा, 10 नंबरच्या पान्याने बोल्ट घट्ट करा, मग नट. खाचेत न बसवता आवळला तर आठवड्यात पुन्हा सुटतो.

अजिबात आवाज नसेल तर आधी वायरी. उंदराने कुरतडलेली वायर तळाजवळ सापडते. नुसती टेप न गुंडाळता ती नीट जोडून स्लीव्ह घाला आणि खालची जाळी बसवा. मग पॅनल उघडून झाकणाचा स्विच बघा. झाकणाच्या बिजागरीजवळचा दांडा दोन पितळी पत्त्या एकमेकींवर दाबतो. काळ्या पडल्या असतील तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, वाकल्या असतील तर अलगद सरळ करा. झाकण बंद असताना मल्टीमीटर बीप द्यायला हवा, उघडताच थांबायला हवा. टायमरही तसाच तपासा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दोन पत्त्या सोडून वायरी थेट जोडून देणारे मेकॅनिक आहेत. मशीन लगेच चालू होतं, पण मग झाकण उघडं असतानाही टब मिनिटाला हजाराच्या वर फेरे मारतो. ओढणीचं टोक किंवा लहान मुलाचा हात त्यात गेला तर काय होईल याचा विचारही करवत नाही. स्विच स्वस्त आहे. तो नवीनच घाला.

सगळं ठीक असूनही शांतता असेल तर मोटरच्या तीन वायरी सोडवून मल्टीमीटरवर दोन-दोन वायरींमधला रोध (ओहम) मोजा. तीन जोड्यांपैकी सगळ्यात मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका आला तर वाइंडिंग शाबूत. एखादी जोडी काहीच दाखवत नसेल, किंवा कुठलीही वायर मोटरच्या लोखंडी अंगाशी बीप देत असेल, तर मात्र मोटर गेली. नवी बसवण्याआधी वर नजर टाका: ड्रमवर साबणाचे पांढरे ओघळ किंवा गंज दिसला तर टबाखालचं रबरी बेलो (पाणी अडवणारं सील) फाटलंय आणि पाणी मोटरवर ठिबकत होतं. बेलो आणि त्यातला बुश (दांड्याभोवतीची कडी) न बदलता घातलेली मोटरही त्याच पाण्याने जाईल.

मागचं झाकण लावून, रिकामा टब एक मिनिट फिरवा, मग ओले कपडे चारी बाजूंनी सारखे दाबून, वर जाळीदार झाकणी ठेवून. फिरत असतानाच ड्रायरचं झाकण उचला. मोटर त्याच क्षणी बंद पडून टब काही सेकंदांत थांबायला हवा. रेंगाळत राहिला तर ब्रेकची वायर जास्त घट्ट बसली आहे. एक भोक मागे घ्या.