ओळी मोजून थांबू नका: पोस्टग्रेसच्या खोड्या टिपताना

आमचा पोस्टग्रेस डेटाबेस ९.६ या आवृत्तीवरून १० वर नेला आणि ग्राहकांचा एक रिपोर्ट अचानक आखडला. दोन फोन आणि तीन ईमेल असलेल्या ग्राहकाच्या आधी सहा ओळी यायच्या, आता तीन. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) माझीच. सिलेक्टमध्ये, म्हणजे कोणते कॉलम हवेत ते सांगणाऱ्या भागात, दोन अननेस्ट (अ‍ॅरेतल्या, म्हणजे यादीतल्या, प्रत्येक मूल्याची वेगळी ओळ करणारं फंक्शन) शेजारी शेजारी, आणि वर माझीच कमेंट: 'विचित्र वागतं, हात लावू नये.' असल्या नोंदीपेक्षा नोंद नसलेली बरी.

आता अशी खोडी नोंदवताना खऱ्या टेबलावरची क्वेरी मी डकवतच नाही. टेबलाशिवाय चालेल अशी एक ओळ लिहिते: सिलेक्ट, पुढे जनरेट_सिरीज(१,२) आणि जनरेट_सिरीज(१,३), म्हणजे १ ते २ आणि १ ते ३ हे आकडे एकेका ओळीत देणारी फंक्शनं. वर पोस्टग्रेसची आवृत्ती सांगणाऱ्या व्हर्जन() चं उत्तर जसंच्या तसं.

आकडे मात्र विचार करून घ्या. ३ आणि ३ घेतलेत तर जुन्यात-नव्यात फरकच दिसणार नाही. २ आणि ४ त्याहून लबाड: ओळी दोन्हीकडे चारच, पण पहिला कॉलम जुन्यात १, २, १, २ आणि नव्यात १, २, नल, नल (नल म्हणजे मूल्यच नाही). जुनं पोस्टग्रेस सगळी फंक्शनं एकाच वेळी संपेपर्यंत फिरत राहायचं, म्हणजे चक्क लसावि. (शाळेतला लसावि मला नोकरीत एवढ्या एकाच ठिकाणी भेटला.) १० पासून सगळी बरोबरीने चालतात आणि आधी संपलेल्याच्या जागी नल येतो. म्हणून पूर्ण निकाल डकवा. पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन साधनात, नल कोरा दिसतो. त्याला आधी एखादं चिन्ह ठरवून द्या.

रिकामा अ‍ॅरे हमखास राहून जातो. सिलेक्टमध्ये एकच अननेस्ट असेल आणि अ‍ॅरे रिकामा असेल, तर ग्राहकाची ओळच गायब होते, एररही येत नाही. तेच फंक्शन फ्रॉममध्ये लेफ्ट जॉइन लॅटरलने (जोडायला काही नसलं तरी डावीकडची ओळ ठेवणारी जोडणी), ऑन ट्रू लिहून घेतलं तर ओळ टिकते. दोन्ही निकाल एकाखाली एक ठेवा.

'अपेक्षित' या शब्दाखाली दोन गोष्टी वेगळ्या लिहा: दस्तऐवज काय म्हणतो, आणि मला काय वाटलं होतं. फंक्शन आपलं असेल तर सारांश कमेंट ऑन फंक्शनने डेटाबेसमध्येच ठेवा, तो पीजी_डंपबरोबर (पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन) जातो.

त्या रिपोर्टच्या नोंदीसाठी मी विचारत फिरले, तेव्हा कळलं की सहा ओळी कोणालाच नको होत्या. हिशेबवाले दर महिन्याला हाताने खोडत होते.