कापड उद्योगातल्या सिंथेटिक कचऱ्यापासून प्लास्टिकचे दाणे

पॉलिएस्टर, नायलॉन आणि पॉलिप्रोपिलीन, तिन्ही वितळतात आणि तिन्हींचे दाणे होतात. पण ते एकमेकांत मुरत नाहीत. पॉलिएस्टरच्या लॉटमध्ये पॉलिप्रोपिलीन शिरले की तयार वस्तूचे पापुद्रे निघतात. म्हणून खरी मेहनत छाननीची.

सगळ्यात चांगला माल म्हणजे स्पिनिंगमध्ये (वितळलेल्या प्लास्टिकचा धागा ओढताना) थिजलेले लोंदे आणि बॉबिनवर उरलेले सूत. पीव्हीसी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचे कापड, स्पॅन्डेक्स (ताणणारा धागा), कापूस मिसळलेला माल आणि अ‍ॅक्रिलिक बाजूला काढा. पॉलिएस्टरच्या तापमानाला पीव्हीसी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते. ते पॉलिएस्टरच्या रेणूंच्या साखळ्या तोडते आणि बॅरलही (माल वितळवणारी यंत्राची नळी) खाते. कापूस करपून काळे ठिपके पडतात. अ‍ॅक्रिलिक तर वितळण्याआधीच विघटित होते, आणि त्याचा वायू विषारी असतो.

ओळख पटवायला दोन भांडी पुरतात. एकात साधे पाणी, दुसऱ्यात लिटरला सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळवलेले पाणी (घनता १.२). दोन्हींत भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि धागा बुडवून बोटांनी चांगला दाबा. हे टाळले तर तंतूंत अडकलेली हवा आणि फिनिशचे तेल (धागा बनवताना त्यावर लावलेले) यांमुळे पॉलिएस्टरही तरंगते आणि चाचणी फसते. साध्या पाण्यावर तरंगले ते पॉलिप्रोपिलीन (०.९१) किंवा पॉलिथिलीन. साध्या पाण्यात बुडून मिठाच्या पाण्यात वर आले ते बहुधा नायलॉन (१.१४). दोन्हींत तळाला गेले ते पॉलिएस्टर (१.३८), पीव्हीसीही तिथेच जाते, म्हणून कोटिंग आधी डोळ्यांनी तपासा. नायलॉन ६ आणि ६६ हे दोन प्रकार वेगळे करायला धागा २३५ अंशांच्या तव्यावर टेकवा: ६ वितळते, ६६ नाही.

लांब धागा थेट यंत्रात घालू नका, तो शाफ्टला गुंडाळला जातो. आधी कटरवर २–३ सेंमीचे तुकडे करा, चुंबकाखालून न्या आणि मग अ‍ॅग्लोमरेटरमध्ये (फिरत्या पात्यांचा ड्रम) टाका. पात्यांच्या घर्षणाने तंतू तापून आक्रसतात. ते चिकटू लागले, मोटरचा अँपिअर चढला की थोडे पाणी शिंपडा. माल फुटून खडे होतात. पाणी उशिरा पडले तर ड्रममध्ये एकच गोळा होतो आणि तो छिन्नीने काढावा लागतो. हे खडे करणे गरजेचे आहे, कारण पिंजलेला माल हॉपरमध्ये (माल ओतायच्या नरसाळ्यात) कमान धरून अडकतो आणि माल पुढे ढकलणारा स्क्रू उपाशी फिरतो.

आता सुकवणे. इथे घाई केलेली चालत नाही. वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये पाणी साखळ्या तोडते. त्याने गेलेली ताकद एक्स्ट्रूडर (माल वितळवून पुढे ढकलणारे यंत्र) परत आणू शकत नाही. पॉलिएस्टर १६०–१७० अंशांवर, −४० अंश दवबिंदूच्या (म्हणजे अगदी कोरड्या) हवेत ४ ते ६ तास ठेवा. ओलावा ५० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ५० भाग) खाली हवा. सुकलेला माल उघड्या पिंपात ठेवू नका, थोड्याच वेळात तो हवेतला ओलावा पुन्हा ओढतो. नायलॉनला ८० अंश पुरे, त्याहून गरम हवेत ते पिवळे पडते, ओलावा ०.२ टक्क्यांखाली आणा. पॉलिप्रोपिलीनचा फक्त वरवरचा ओलावा घालवला तरी भागते.

बॅरलचे तापमान: पॉलिप्रोपिलीन १९०–२३०, नायलॉन ६ साठी २३०–२६०, पॉलिएस्टर २६५–२८५. व्हेंट (वाफ बाहेर काढणारे तोंड) आणि व्हॅक्यूम असलेला एक्स्ट्रूडरच घ्या, कारण फिनिशच्या तेलाची वाफ बाहेर पडायलाच हवी. धूर ओढणारा पंखा व्हेंटवर बसवा. डायच्या (वितळलेला माल तारेच्या रूपात बाहेर काढणारा साचा) आधी ४०-८०-१२० मेशच्या (आकडा मोठा तितकी जाळी बारीक) जाळ्या लावा. दाब चढत गेला तर जाळी तुंबली आहे.

डायमधून निघणाऱ्या तारेत बुडबुडे दिसले तर ओलावा किंवा तेल राहिले आहे. पॉलिएस्टर पाण्यासारखे पातळ होऊन तार तुटत असेल, तर तापमान कमी करून फायदा नाही, सुकवणी तपासा. तपकिरी रंग म्हणजे माल बॅरलमध्ये फार वेळ थांबला. काळे ठिपके कापसाचे असतात, नाहीतर यंत्र थांबवताना आत राहिलेल्या मालाचे.

कपड्याच्या पॉलिएस्टरची आयव्ही (साखळ्यांची लांबी दाखवणारा आकडा) साधारण ०.६ असते, बाटलीला ०.७२ च्या वर लागते. त्यामुळे हे दाणे सरळ बाटलीकडे जात नाहीत. पुन्हा तंतू, किंवा काचतंतू घालून मोल्डिंग, हे त्यांचे काम. आयव्ही वाढवायचीच असेल तर दाणे २०० ते २२० अंशांवर व्हॅक्यूममध्ये कित्येक तास घन अवस्थेतच ठेवावे लागतात.