नाव नको, पत्ता वाचा : तुमच्या कॉम्प्युटरसोबत कोण कोण जागं होतं?

मागच्या महिन्यात झेरॉक्सवाले काका सीपीयू काखेत मारून दुकानाचा जिना चढून आले आणि टेबलावर ठेवता ठेवताच म्हणाले, "ताई, फॉरमॅट मारून दे." आमच्या चिपळुणात कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर हे एकच औषध लोकांना माहीत. दुखणं काय, तर काकांच्या मशीनला पेनड्राइव्ह लावला की आतली सगळी फोल्डरं शॉर्टकट होऊन बसायची. कॉलेजची पोरं प्रोजेक्टची प्रिंट काढून जायची आणि संध्याकाळी भांडायला परत यायची.

मी फॉरमॅट मारलं नाही. काकांना शेजारी स्टूल दिलं आणि म्हटलं, बघा, मशीन चालू होताना त्याच्यासोबत कोण कोण उठतं ते आधी बघू. त्यांना जे दाखवलं तेच इथे लिहितेय.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज ११ मध्ये डावीकडे 'स्टार्टअप ॲप्स' दिसेल, विंडोज १० मध्ये वर 'स्टार्टअप' हा टॅब. खिडकी अगदीच छोटी उघडली, तर खाली 'मोअर डीटेल्स' दाबा. प्रत्येक ओळीत प्रोग्रामचं नाव, तो कुणी बनवला ते, चालू आहे की बंद, आणि मशीन सुरू होताना त्याचा किती भार पडतो ते लिहिलेलं असतं.

काकांच्या यादीत अकरा ओळी होत्या. प्रिंटरच्या दोन, साउंडची एक, वनड्राइव्ह, कुठलासा ड्रायव्हर अपडेट करून देणारा आगंतुक, असं करत करत आम्ही एका ओळीवर आलो : 'मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट'. पब्लिशर, मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन. काका म्हणाले, "हे कंपनीचंच आहे, राहू दे." त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' केलं, तर विंडोजचं स्वतःचं सिस्टम३२ फोल्डर उघडलं. म्हणजे फाइल खरीच मायक्रोसॉफ्टची. काकांनी माझ्याकडे 'बघ, सांगितलं ना' असं पाहिलं.

फसगत होते ती इथेच. यादीच्या वरच्या पट्टीवर, म्हणजे जिथे नेम, पब्लिशर वगैरे लिहिलंय तिथे, राइट क्लिक करा आणि 'कमांड लाइन'वर टिक करा. एक नवीन रकाना येतो, तो माउसने ओढून रुंद करा. काकांच्या त्या ओळीत आधी डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई होतं. मग दोन तिरक्या रेघा आणि बी, म्हणजे गुपचूप चाल, पडद्यावर काही चूक दाखवू नकोस. आणि त्यापुढे खरा पत्ता : सी ड्राइव्ह, युजर्स, काकांचं नाव, ॲपडेटा, लोकल, टेम्प, आणि शेवटी कशाचाच अर्थ न लागणारी आठ अक्षरं, डॉट व्हीबीएस.

डब्ल्यूस्क्रिप्ट हा विंडोजचाच प्रोग्राम. त्याला जी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल (डॉट व्हीबीएस ही तशीच एक), हातात द्याल ती तो चालवतो. टेम्पो कंपनीचा, कागदपत्रं चोख, पण मागे ताडपत्रीखाली माल कसला आहे ते पब्लिशरच्या रकान्यात लिहिलेलं नसतं. ते कमांड लाइनमध्येच दिसतं. पॉवरशेल, सीएमडी, एमएसएचटीए, रनडीएलएल३२ आणि रेगएसव्हीआर३२ हे असेच भाड्याचे टेम्पो. यातलं कुणी स्टार्टअपमध्ये दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, पण ओळ शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडूही नका. पॉवरशेलच्या पुढे 'हिडन' आणि मग अर्थहीन अक्षरांची लांबलचक माळ असेल, तर ते काम सरळ नाही. एक्सप्लोररच्या पुढे एखाद्या वेबसाइटचा पत्ता असेल, तर मशीन चालू केल्याबरोबर आपोआप उघडणारं ते जाहिरातीचं पान कुठून येतं, हे तुम्हाला सापडलं.

पत्त्यावरून बरंच कळतं. प्रोग्राम फाइल्स आणि विंडोज या फोल्डरांत काही टाकायला ॲडमिनची परवानगी लागते. ॲपडेटात, म्हणजे प्रत्येक युजरच्या स्वतःच्या फोल्डरात, ती लागत नाही, म्हणून चोरटे तिथे घुसतात. पण ॲपडेटात दिसला तो चोर, असंही नाही. वनड्राइव्ह, झूम, डिस्कॉर्ड अशी सरळ मंडळीही तिथे राहतात. टेम्पचं मात्र वेगळं. टेम्प हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, म्हणजे एसटी स्टँड. येणारे-जाणारे चिक्कार, पण तिथे कुणी बिऱ्हाड करत नाही. रोज सकाळी टेम्पमधून उठणारा प्रोग्राम दिसला, की मी तो संशयित धरते.

नावांचे खेळ जुनेच आहेत. २००० सालच्या 'आय लव्ह यू' व्हायरसने स्टार्टअपमध्ये 'एमएसकर्नल३२' असं भारदस्त नाव लावलं होतं, आणि २००३ च्या ब्लास्टरने 'विंडोज ऑटो अपडेट'. आजही तेच चाललंय. एसव्हीसीहोस्ट हे विंडोजचं खरं नाव, पण त्यातल्या 'ओ'च्या जागी शून्य घालतात किंवा 'व्ही' आणि 'सी'ची अदलाबदल करतात. घाईत वाचणाऱ्याला कळत नाही. खरा एसव्हीसीहोस्ट तर स्टार्टअपच्या यादीत यायचंच कारण नाही, त्याला विंडोजच्या सर्व्हिसेस उठवतात. तिथे तो दिसला तर तो तोतया.

उलटही होतं. काही ओळी दिसायला भयंकर असतात आणि त्यात काहीच नसतं. पांढरं कोरं चित्र आणि नाव नुसतं 'प्रोग्राम', अशा ओळीचा फोटो मला व्हॉट्सॲपवर महिन्याला दोनदा तरी येतो. बहुतेक वेळा तो कधीच काढून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरचा उरलेला कागद असतो. 'प्रोग्राम फाइल्स' या नावात मध्ये जागा आहे, पत्ता अवतरणचिन्हांत लिहिलेला नसला की टास्क मॅनेजर पहिलाच शब्द उचलतो. कमांड लाइन वाचलीत की कुठल्या सॉफ्टवेअरचा ते कळेल. 'सिक्युरिटी हेल्थ सिस्ट्रे' म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सुरक्षेचा आयकॉन, तो राहू द्या.

आणि कृपा करून सगळं सरसकट डिसेबल करू नका. इथल्याच एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात पुतण्याने यूट्यूब बघून यादीतलं सगळं बंद केलं. मशीन पळायला लागलं, सगळे खूश. २० तारखेला जीएसटी भरायला बसले तर डिजिटल सहीचं टोकन लावूनही सर्टिफिकेट दिसेना. टोकनचा प्रोग्रामही त्यातच बंद झाला होता. त्या दिवशी मला जेवणाच्या ताटावरून उठवून नेलं.

वाईट नाही पण नको, अशांचीच गर्दी मोठी असते. २०२१ च्या जुलैत पूर आला, तळमजल्यावरच्या दुकानांतली मशीनं चिखलात गेली, आणि नंतर बऱ्याच जणांनी जुनी, वापरलेली घेतली. (माझं दुकान तेव्हापासून पहिल्या मजल्यावर आलं.) त्या मशीनांत आधीच्या मालकाची सगळी प्रजा तशीच होती : गेमचे लाँचर, मुदत संपलेले अँटिव्हायरस, 'तुमच्या पीसीत हजारो चुका सापडल्या' म्हणून पैसे मागणारे क्लीनर. यांच्यासाठी माझा प्रश्न एकच : मी बोलावेपर्यंत याने थांबलं तर माझं काय अडतं? काही अडत नसेल तर राइट क्लिक, डिसेबल. प्रोग्राम उडत नाही, लागेल तेव्हा उघडता येतो, आणि चुकलं तर परत एनेबल करता येतं. पैसे मागणारे क्लीनर मात्र मी अनइन्स्टॉलच करते.

आता काकांच्या मशीनकडे परत. ती ओळ डिसेबल केली, टेम्पमधली फाइल उडवली, रीस्टार्ट केलं. ओळ पुन्हा हजर. काका म्हणाले, "भूत आहे." भूत नव्हतं, माझीच घाई झाली होती. स्क्रिप्ट आतून चालू होती आणि मी तिची नोंद पुसत होते, म्हणजे ती पुन्हा लिहिणारच. आधी टास्क मॅनेजरच्या 'डीटेल्स'मध्ये जाऊन डब्ल्यूस्क्रिप्टला 'एंड टास्क' करायचं, मग फाइल आणि नोंद. आणि तपासायला रीस्टार्टच करा, शट डाउन नको. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन पूर्ण होत नाही, सिस्टमचा काही भाग झोपवून ठेवलेला असतो.

एवढं करूनही ते दहा मिनिटांत परत उगवलं. म्हणजे टास्क मॅनेजरला न दिसणाऱ्या दारातून येत होतं. विंडोजच्या सर्चमध्ये 'टास्क शेड्युलर' (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा विंडोजचा भाग) लिहून तो उघडा आणि डावीकडे 'टास्क शेड्युलर लायब्ररी'वर क्लिक करा. प्रत्येक कामाचे दोन टॅब बघायचे : 'ट्रिगर्स' म्हणजे केव्हा, 'ॲक्शन्स' म्हणजे काय. ब्राउझरचे आणि वनड्राइव्हचे अपडेट इथे असतात, ते ठीक. आतल्या 'मायक्रोसॉफ्ट' फोल्डरात विंडोजची स्वतःची ढीगभर कामं असतात, तिथे हात घालू नका. काकांकडे बाहेरच 'अपडेट' नावाचं एक काम होतं, दर दहा मिनिटांनी तीच स्क्रिप्ट दुसऱ्या फोल्डरातल्या प्रतीवरून चालवणारं. ते काढलं आणि ती प्रतही उडवली.

चोरीचं विंडोज खऱ्यासारखं चालवणारे क्रॅकही याच ठिकाणी बसलेले असतात. आधी सांगतात अँटिव्हायरस बंद करा, मग शेड्युलरमध्ये स्वतःचं काम लावून घेतात. दुकान नवीन होतं तेव्हा मीही गिऱ्हाइकांना ते टाकून दिलंय, खोटं कशाला सांगू. आता देत नाही. त्यासोबत आणखी काय आत जातं, ते मी माझ्याच हाताने दिलेल्या मशीनांत नंतर पाहिलंय.

इतकी दारं एकेक करून तपासायचा कंटाळा असेल तर ती सगळी एकाच जागी दाखवणारं ऑटोरन्स वापरा. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्सचं हे हत्यार. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते सगळं विकत घेतलं, म्हणून डाउनलोड मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून करा, दुसरीकडून नको. राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. पहिल्यांदा यादी बघून घेरी येते. 'ऑप्शन्स'मध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' करा, गर्दी एकदम ओसरते. पण 'लॉगऑन' टॅब एकदा ती टिक काढूनही वाचा, कारण कंपनीच्या टेम्पोतून आलेला माल लपवलेल्या ओळींत राहून जाऊ शकतो.

'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये सह्या (फाइल कुणाची ते पटवणाऱ्या डिजिटल सह्या) तपासणं आणि व्हायरसटोटल (फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून तपासून देणारी साइट) या दोन्हींवर टिक करा. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही. गुलाबी म्हणजे कंपनीचं नाव नाही किंवा सही पटत नाही. गुलाबी दिसलं की उडव, असं करू नका. मराठी टायपिंगची कित्येक जुनी सॉफ्टवेअरं माझ्याकडे गुलाबीच दिसतात, आणि ती उडवली तर अर्ज टाइप करणारा माणूस माझ्या दारात उभा. व्हायरसटोटलच्या रकान्यात सत्तरेक अँटिव्हायरसपैकी किती जणांनी बोट दाखवलं तो आकडा येतो. एक-दोघांनी दाखवलं तर चुकीची हाकही असू शकते, पत्ता आणि सही बघून ठरवा. वीस-तीस जणांनी दाखवलं तर विषय संपला. ऑटोरन्समधून तिथे फाइलचा नुसता ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारा आकडा, जातो. अख्खी फाइल अपलोड केलीत तर ती इतरांनाही मिळू शकते, म्हणून गिऱ्हाइकाची कागदपत्रं तिथे कधीही टाकू नका. ऑटोरन्समध्येही आधी नुसती टिक काढा, डिलीट नंतर. दोन दिवस मशीन वापरून बघा.

खरंच वाईट काही सापडलं तर आधी नेटची वायर काढा. मग विंडोज सिक्युरिटीत 'स्कॅन ऑप्शन्स', तिथे डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, 'ऑफलाइन स्कॅन'. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज उठायच्या आधीच पंधराएक मिनिटं तपासणी चालते, त्यामुळे चोराला लपायला वेळ मिळत नाही. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून. काकांच्या डेस्कटॉपवर लोकांची आधार कार्डं, स्कॉलरशिपचे फॉर्म, बँकेची पासबुकं अशा शेकडो पीडीएफ पडल्या होत्या. ते बघून मला व्हायरसपेक्षा जास्त घाम फुटला. त्या पुसायला लावल्या, आणि काम झालं की फाइल गिऱ्हाइकासमोरच उडवायची असं ठरलं.

पोरांच्या पेनड्राइव्हमधलं काही गेलं नव्हतं. असे व्हायरस खरी फोल्डरं लपवतात आणि जागी शॉर्टकट ठेवतात. शॉर्टकटवर डबल क्लिक न करता फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हिडन' फाइली दाखवायला सांगायचं, 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स' लपवण्याची टिक काढायची, फोल्डरं बाहेर कॉपी करून घ्यायची आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा. फॉरमॅट एवढ्यापुरतंच लागलं.

मशीन नेताना काकांच्या यादीत पाच ओळी उरल्या होत्या. कमांड लाइनचा रकाना दिसेल असा त्यांचा मोबाइलवर फोटो काढून दिला आणि सांगितलं, दर महिन्याला एकदा यादी उघडून फोटोशी ताडून बघा. काकांनी फोटोची प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि सीपीयूवर चिकटवली. झेरॉक्सवालेच ते.

गेल्या मंगळवारी त्यांचा फोन आला. "ताई, सहावी ओळ आलीय. प्रोग्राम फाइल्समध्ये आहे, नाव प्रिंटरच्या कंपनीचं, सहीपण आहे. टिक काढू?"

"काका, नवीन प्रिंटर घेतलात का?"

"हो. कालच."

"मग राहू दे."

"बरं," म्हणाले, "मग नवीन लॅमिनेशन करतो."