गाणं गुड्याचं, रेकॉर्डिंग कुणाचं?

किनवट-माहूरकडून, कळमनुरी-औंढ्याकडून पोरापोरींचे फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दादा, कॅमेरा कोणता घेऊ?" कॅमेरा कोणताही चालतो. तुम्ही गोंड, कोलाम, परधान, आंध अशा आदिवासी घरातले असाल आणि आपल्याच माणसांवर फिल्म करणार असाल, तर आधी कागद वाचायला शिका. मी शिकलो नव्हतो.

एका संस्थेला दंडारीवर, म्हणजे आमच्या दिवाळीतल्या नाचगाण्यांच्या सणावर, छोटा माहितीपट हवा होता. मला अठरा हजार मिळणार होते. दिवाळीच्या त्या दिवसांत मी घुसाडींच्या, म्हणजे मोरपिसांचे मुकुट घालून नाचणाऱ्यांच्या मागे गुड्यागुड्यांतून, आमच्या वस्त्यावस्त्यांतून फिरलो. एका रात्री आमच्या घराण्याचे पिढीजात कथागायक परधान आज्जा किंगरी हे तंतुवाद्य घेऊन बसले आणि तीन तास गायले. आमच्या कुळाची कथा होती ती. बाहेरच्या माणसासमोर ते असे गायले नसते. मी घरचा होतो म्हणून गायले. दुसऱ्या दिवशी संस्थेची जीप आली. बोनेटवर आठ पानं ठेवून मी सही केली आणि मेमरी कार्डं देऊन टाकली. माझ्याकडे कॉपीसुद्धा नव्हती. फिल्म बारा मिनिटांची झाली आणि आज्जा त्यात चाळीस सेकंद.

दोन वर्षांनी आज्जा गेले. तेराव्याला त्यांचा मुलगा घरी आला. म्हणाला, "बाबांचा आवाज दे, लेकरांना ऐकवायचाय." मी संस्थेला मेल केला. उत्तर आलं की चित्रीकरण संस्थेच्या मालकीचं आहे, देता येत नाही. त्या मुलाला मी काय सांगितलं ते इथं लिहवत नाही.

आता हे नीट समजून घ्या, मी दोनदा सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गाण्यावर कुणाचा कॉपीराइट नसतो. पण त्याच गाण्याचं रेकॉर्डिंग ही वेगळी वस्तू आहे आणि तिला मालक असतो. कलम १७ सांगतं, की कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन फिल्म केली, तर उलट करार नसेल तेव्हा पहिला मालक पैसे देणारा. 'उलट करार नसेल तेव्हा' हे शब्द पाठ करा. म्हणजे करारात काही लिहिलंच नाही, तरी तुम्ही हरलात. गप्प राहिलं की आपलं आपल्याकडे राहतं, असं मला वाटायचं. तसं होत नाही. गाणं गुड्याचं राहतं, आवाज मात्र दुसऱ्याच्या कपाटात जातो.

हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच संस्थांच्या छापील फॉर्मवर 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' असतंच. ते खोडायला सांगा. न वापरलेल्या चित्रीकरणाची पूर्ण प्रत गावाकडे राहील आणि दुसऱ्या कामात ते वापरायचं तर पुन्हा विचारावं लागेल, एवढं लिहून घ्या. गायकाचाही कलाकार म्हणून ५० वर्षांचा हक्क असतो. फिल्मसाठी लेखी संमती दिली की त्या फिल्मपुरता तो सुटतो. म्हणून गायकाच्या संमतीच्या कागदावर 'याच फिल्मपुरतं' हे शब्द हवेतच. आणि तो कागद गोंडीत, कोलामीत, त्यांच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवा. गुड्याचा प्रमुख म्हणजे पटेल आणि घरातलं कुणीतरी समोर बसलेलं असावं. अंगठा घाईत घेऊ नका. नाहीतर त्यांची हानी करणारे तुम्हीच व्हाल.

बघा, किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. त्याच जिल्ह्यातल्या जोडेघाटला १९४० मध्ये निजामाविरुद्ध उठाव करणारे गोंड पुढारी कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारनं क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवलं. त्यांनी तिथल्या मारलावाई या गोंड गावात राहून काढलेले फोटो आणि फिल्म आज लंडनच्या सोआस संस्थेत जपलेल्या आहेत. ते जपलं गेलं याचं मला बरंच वाटतं. पण तेव्हा आपल्या हातात कॅमेरा नव्हता. आता तो आहे आणि कार्ड आपणच काढून देतो, हे मला सहन होत नाही. न्यूझीलंडचे माओरी दिग्दर्शक बॅरी बार्कले यांनी मूळनिवासींच्या सिनेमाला 'चौथा सिनेमा' हे नाव दिलं. टिपलेली चित्रं त्या-त्या लोकांच्या राखणीत राहावीत, असा त्यांचा आग्रह होता. हे मी सही करण्याआधी वाचायला हवं होतं.

एवढं वाचून घाबरू नका. आमचा आता सहा जणांचा गट आहे. एक रेकॉर्डर आणि दोन कॉलर माइक सामायिक आहेत. प्रत्येक शूटच्या दोन हार्ड डिस्क होतात, एक गटाकडे आणि एक त्याच गावात. कापलेली फिल्म आधी गावात भिंतीवर दाखवतो. म्हाताऱ्या बाया "हे काढ" म्हणाल्या तर काढतो. गटात दोघं आंध आहेत. ते मराठी बोलतात म्हणून बाहेरचे निर्माते त्यांना "तुम्ही आदिवासी वाटत नाही" असं तोंडावर म्हणतात. गट नसता तर त्यातल्या एकानं कॅमेरा विकलाच होता.

गुरू शोधत फिरू नका. तीन दिवसांची कार्यशाळा घेऊन, आपल्यासोबत फोटो काढून परत जाणारे खूप भेटतात. फॉर्म भरताना तुमच्या शेजारी बसणारा जोडीदार हवा. झारखंडचे उरांव दिग्दर्शक बिजू टोप्पो आणि त्यांचे जोडीदार मेघनाथ यांनी रांचीच्या 'आखडा' या संस्थेतून किती वर्षं जोडीनं काम केलं ते पाहा. आणि पैसे भरले की बक्षीस देणाऱ्या ऑनलाइन महोत्सवांना एक रुपया देऊ नका. त्या पैशात हार्ड डिस्क येते.

पहिली फिल्म कच्ची होईल. होऊ द्या. चित्र हललं तरी लोक बघतात. आवाज फुटला की उठून जातात. गोंडी ऐकायची असेल तर शब्द स्वच्छ हवेत. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आणि कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या आसपास होते. कोलामीचा एक नीट टिपलेला तास किती मोलाचा, ते यावरून समजेल.

दिवाळीच्या आठ दिवस आधी आम्ही सगळे किनवटला जमतो. नांदेडहून नंदीग्राम एक्सप्रेसनं येता येतं. घरी सांगून या, दंडारी संपेपर्यंत परतणं होत नाही. स्वतःचा कॅमेरा नसला तरी चालेल, पण माइकचं वाऱ्याचं कव्हर मिळालं तर आणा. गेल्या वर्षी एकच होतं आणि दोन गुड्यांतली गाणी वाऱ्यात गेली.