डोक्यावर पडलेलं लेकरू आणि भिंतीवरच्या दोन रेघा

यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या आमच्या आरोग्य केंद्रात सीटी मशीन नाही. ते जिल्ह्याच्या गावाला, अडीच तासांवर. म्हणून डोक्याला मार लागलेल्या कोणत्या लेकराला तिकडे पाठवायचं ते ठरवायला ओपीडीच्या भिंतीवर मी खडूने दोन रेघा मारल्यात, 3 फुटांवर एक आणि 5 फुटांवर एक. "लय उंचावरून पडला जी, मॅडम" एवढ्याने काही कळत नाही. मी म्हणते, ताई, हात लावून दाखवा. दोन वर्षांखालचं लेकरू 3 फुटांच्या वरून किंवा त्याहून मोठं 5 फुटांच्या वरून पडलं, तर मार जोराचा धरायचा. गाडीने उडवलं असेल तर उंची विचारतच नाही.

आकडे पेकार्नच्या नियमाचे. पेकार्न म्हणजे मुलांच्या तातडीच्या उपचारांवर संशोधन करणारा अमेरिकेतला गट; कोणत्या मुलाला सीटी लागेल ते हा नियम सांगतो. उत्तर अमेरिकेतल्या 42,000 हून जास्त मुलांवरून बसवलेला हा नियम 2009 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. बांधावरून घसरलेल्या आपल्या पोरालाही तो लागू पडतो, पण मूल बऱ्यापैकी शुद्धीत हवं. ग्लासगो स्कोअर (शुद्ध मोजायचे गुण, पूर्ण शुद्धीत 15) 14 च्या खाली असेल तर नियम बाजूला ठेवा आणि 108 बोलवा.

मूल गुंगीत, चिडचिडं, तेच तेच विचारतंय? सीटी. तान्ह्याची, म्हणजे दोन वर्षांखालच्याची, कवटी बोटांना खचलेली लागली, किंवा मोठ्याच्या कानानाकातून पाणी आलं, कानामागे काळंनिळं झालं? तेही सीटी. इथे थांबू नका.

अवघड आहेत ती मधली मुलं. दोन वर्षांवरच्यांत खुणा अशा: क्षणभर गेलेली शुद्ध, उलट्या, जोराचं डोकं दुखणं, जोराचा मार. तान्ह्यांत 5 सेकंद किंवा जास्त हरवलेली शुद्ध, जोराचा मार, "हा नेहमीसारखा नाही" असं आईचं म्हणणं, आणि टेंगूळ. टेंगूळ कपाळावरचं असेल तर मी घाबरत नाही. कानाच्या वर किंवा मागच्या बाजूचं, दाबलं की पिलपिलीत लागणारं असेल, तर मात्र खुर्ची सोडते. एकदा आजीने हळद-चुन्याचा जाड लेप दिला होता आणि मी तो न धुताच "काही नाही" म्हणून मोकळी झाले. संध्याकाळी तेच बाळ परत आलं. तेव्हापासून कोमट पाणी आणि कापूस टेबलावरच असतो.

यांपैकी एकच खूण असेल आणि मूल सुधारत असेल, तर मार लागल्यापासून 4 ते 6 तास नजरेखाली ठेवायचं. केसपेपर फाडल्यापासून नाही, मार लागल्यापासून! खुणा दोन-तीन असतील, हाल बिघडत असेल किंवा बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर पाठवा. अंधार पडायच्या बेतात असेल तर मी एका खुणेवरही पाठवते, नियम काही म्हणो. आमच्या रस्त्यावर रात्री गाडी मिळेलच असं नाही.

"मग डोक्याचा फोटो तरी काढा नं" असं बाप म्हणतोच. साध्या एक्स-रेत आतला रक्तस्राव दिसत नाही. आणि एकही खूण नसेल तर सीटीच्या किरणांत लेकराला उगाच घालायचं नाही. घरी पाठवताना आईला एवढंच बजावते: उलट्या वाढल्या, फिट आली किंवा उठवून उठेना, तर सकाळची वाट पाहू नका.