ऑडिट शुक्रवारी संपतं. शनिवार-रविवार आपला कसा ठेवायचा (नाशिकपुरतं)

सप्लायर ऑडिटसाठी, म्हणजे आमच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्यांच्या तपासणीसाठी, मी गेली अकरा वर्षं पुण्याहून नाशिकला येते. कधी अंबड, कधी सातपूर, अधूनमधून सिन्नर. पहिली तीन वर्षं मी पाहिलेलं नाशिक म्हणजे पाथर्डी फाट्यावरच्या हॉटेलची खिडकी आणि द्वारका चौकातलं ट्रॅफिक. मग दोन दिवस जास्त राहायला लागले. "कामाला जोडून फिरून घ्या" असं सांगणारे लेख तेव्हा बरेच वाचले. प्रत्येकात पंचवीस ठिकाणांची यादी. ठिकाणं कुणालाही सापडतात हो. सापडत नाही तो मोकळा शनिवार.

साहेबांना कळवणं

दोन ओळींची मेल पुरे: काम शुक्रवारी संपेल, पुढचे दोन दिवस मी स्वखर्चाने नाशिकमध्ये आहे, रविवारी परतेन. मेलच करा, चहाच्या टपरीवर तोंडी सांगू नका. शनिवारी लेण्यांच्या पायरीवर पाय मुरगळला, तर तो कामावर मुरगळलेला नसतो. हे आधीच कागदावर असलेलं बरं.

दोन बिलं

शुक्रवारी हॉटेल सोडा. तिथेच "अजून दोन रात्री वाढवा" म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं. पाच रात्रींचं एकच बिल निघालं, वर कंपनीचा जीएसटी क्रमांक. अकाउंट्सने अख्खं बिल परत पाठवलं आणि तीन रात्रींचे माझे हक्काचे पैसे दीड महिना अडकले. बिल वेगळं करून मागितलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सिस्टीममध्ये आता बदल होत नाही.

तसंही हायवेवरच्या त्या हॉटेलात राहून गोदाकाठ बघणं म्हणजे हडपसरला राहून तुळशीबाग करण्यासारखं आहे. पंचवटी किंवा रविवार कारंजाच्या आसपास साधं, स्वच्छ लॉज घ्या, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पैशाने. बाई एकटी असेल तर आदल्या दिवशी फोन करून "एकटीच आहे, खोली पक्की ना?" असं स्पष्ट विचारून घ्यावं. रात्री नऊला रिसेप्शनवर उभं राहून चौकशांना उत्तरं देण्यापेक्षा ते सोपं.

यजमानांची गाडी

खरी अडचण इथे आहे, आणि हिच्याबद्दल कुणीच लिहीत नाही. तुम्ही ज्यांच्याकडे कामाला गेलात ते तुम्हाला एकटं सोडत नाहीत. वाईट हेतूने नव्हे, आग्रहाने.

माझी गोष्ट सांगते. अंबडच्या एका कारखान्यात शुक्रवारची क्लोजिंग मीटिंग झाली. चहा आला आणि मी सहज विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे हो?" संपलं. "मॅडम, उद्या गाडी पाठवतो." मी म्हटलं, नको. आपल्याकडे "नको" या शब्दाचा अर्थ "अजून एकदा आग्रह करा" असा होतो, हे मला तिशी उलटल्यावरही कळलेलं नव्हतं. शनिवारी आठला गाडी दारात. पुढच्या सीटवर त्यांचा प्रॉडक्शनचा मुलगा, सुट्टी मोडून आलेला, बिचारा. "मॅडम, आधी शिर्डी करून घेऊ." मला शिर्डीला जायचंच नव्हतं. तिथे ओळखीने दर्शन, परतताना मालकांच्या घरी जेवण, वहिनींनी स्वतः वाढलेली पुरणपोळी, निघताना हातात बेदाण्याचं खोकं. पंचवटी राहिली, लेणी राहिली.

सोमवारी पुण्यात रिपोर्ट लिहायला बसले. त्यांच्या दोन गेजचं, म्हणजे मापं घ्यायच्या उपकरणांचं, कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) मुदत संपलेलं होतं आणि त्याच गेजवर माल पास झाला होता. मेजर एनसी, म्हणजे रिपोर्टमधली मोठी त्रुटी, यात विचार करण्यासारखं काही नाही. पण दुपारी फोन आला, "मॅडम, मायनरमध्ये बसतंय का बघा ना," आणि मला पुरणपोळी आठवली. लिहिलं शेवटी मेजरच. पण त्या एका शब्दावर तीन दिवस घालवले, आणि त्या तीन दिवसांची लाज अजून वाटते.

तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. तुम्ही ऑडिटर नसाल, सेल्समध्ये असाल, मशीन बसवायला गेला असाल, तरी पाळा.

प्लँटमध्ये कुणालाही "बघण्यासारखं काय" हा प्रश्न विचारायचा नाही. फारच वाटलं तर गेटबाहेरच्या चहावाल्याला विचारा. तो गाडी पाठवत नाही.

"परत कधी?" हे पहिल्याच दिवशी विचारतात. उत्तर: "काम शुक्रवारपर्यंत आहे." पुढे एक शब्द नाही. खोटं मात्र बोलू नका. आमच्या एकाने "शुक्रवारी रात्रीच निघतोय" असं सांगितलं आणि शनिवारी सकाळी मिसळीच्या रांगेत त्याच कारखान्याचा क्वालिटी मॅनेजर सहकुटुंब त्याच्या मागे उभा. नाशिक वाटतं तेवढं मोठं नाही.

गाडीचा विषय निघालाच तर "नको" म्हणायचं नाही. "माझं उद्याचं ठरलेलं आहे" म्हणायचं. कुठे, कुणाबरोबर, हे सांगायचं नाही. आणि घरी जेवायला बोलावलं तर स्वतःच्या इच्छेवर न टाकता नियमावर टाकायचं: "काम चालू असताना आम्हाला घरी जाता येत नाही, कंपनीचा नियम आहे." वहिनी स्वतः फोनवर "अहो ताई, दोन घास तरी" म्हणाल्या, तरी हेच. माणसं आपल्या मर्जीचा मान ठेवत नाहीत, नियमाचा ठेवतात. "पुढच्या वेळी नक्की" हे वाक्य तर अजिबात नको, पुढची वेळ येतेच आणि वहिनींच्या ती लक्षात असते.

प्लँटमधला चहा, कॅन्टीनचं जेवण, शुक्रवारी हॉटेलपर्यंत सोडणं, हे सगळं कामात येतं, खुशाल घ्या. पार्सल घेऊ नका. चिवडा हवा असेल तर कोंडाजीचा स्वतः विकत घ्या.

बॅग

लॅपटॉप आणि सेफ्टी शूज लॉजवर कुलूपबंद, पाठीवर फक्त पाणी.

शनिवार

पहाटे सहाला रामकुंड. दहानंतर तिथे गर्दीच बघावी लागते. "कुठल्या गावच्या? काही विधी करायचा का?" असं चारजण विचारतील, मान हलवून पुढे चालत राहा. दुतोंड्या मारुती बघाच. पावसाळ्यात पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. याहून साधं मोजमाप मी कुठल्या कारखान्यात पाहिलेलं नाही, आणि याचं कॅलिब्रेशनही संपत नाही. घाट चढून कपालेश्वर, इथे महादेवासमोर नंदी नाही. तिथून चालत काळाराम. काळ्या दगडातलं हे देऊळ नुसतं सुंदर म्हणून बघू नका. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथेच सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. आपण आज ज्या दारातून सहज आत जातो ते तेव्हा बंद ठेवलं होतं. दोन मिनिटं तिथे थांबा.

मग मिसळ. झोपाळे, घोडे आणि सेल्फीच्या चौकटी असलेल्या जागी सुट्टीच्या दिवशी एकटीने जाऊ नका, चौघांच्या टेबलावर एकटं माणूस बसलेलं मालकाला बघवत नाही. गावातली, बाकड्यावर बसवणारी बघा. काळा रस्सा, वर पापड, संपल्यावर झोप.

साडेतीनला पांडवलेणी. मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच आहेत, अंबडच्या अगदी जवळ. मी तीन वर्षं त्यांच्या पायथ्यावरून रोज गेले आणि कधी चढले नाही. पायऱ्या दोनशेच्या आसपास, माकडं आहेत, खाऊ हातात ठेवू नका. पांडवांशी संबंध फक्त नावापुरता. ही बौद्ध लेणी आहेत, एकूण 24. सगळी बघत बसाल तर दमाल आणि काही लक्षात राहणार नाही. दोनच नीट बघा, 3 आणि 10. तिसऱ्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याचं ती आई म्हणून कौतुक करते: ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्याने क्षहरातांचा, म्हणजे शत्रू राजघराण्याचा, वंश संपवला. दहावं लेणं त्याच क्षहरातांचं, त्यांचा राजा नहपान याचा जावई उषवदात याने दिलेलं.

त्या दहाव्यातला एक लेख माझ्या धंद्याचा आहे. उषवदाताने 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धन इथल्या, म्हणजे नाशिकजवळच्याच, विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. 2000 एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी 12 कार्षापण. आता करा हिशोब: 2000 वर वर्षाचं व्याज 240, आणि वीस गुणिले बारा 240. एका नाण्याचाही फरक नाही. सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवून नोंदवलेलं. असं स्वच्छ रेकॉर्ड मला अंबडमध्ये अजून मिळायचंय.

लेख ब्राह्मी लिपीत आहेत, तेव्हा मजकूर घरूनच फोनवर घेऊन जा. वर उभं राहून शोधत बसाल तर उजेड जाईल.

वाइन चाखायची असेल तर गंगापूरच्या बाजूला गुरुवारी संध्याकाळी जा, शनिवारी सगळी मुंबई तिथे असते. त्र्यंबकेश्वरही शनिवार-रविवारी नको. हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्यांवर पावसाळ्यात एकटं जाण्याबद्दल माझं मत विचारू नका, चांगलं नाही. आणि 2027 च्या सिंहस्थातल्या पर्वणीच्या दिवसांत ऑडिटची तारीखच पुढे ढकला.

परतीचा रविवार

पुण्याला जाणारे बहुतेक जण रविवारी दिवसभर रेंगाळून संध्याकाळी निघतात आणि रात्री नारायणगाव, चाकण, मोशी करत रांगेत बसतात. सकाळी आठला निघा आणि सिन्नरला उतरा, वाटेवरच आहे. स्टँडवरून रिक्षाने गोंदेश्वर. यादवकाळातलं भूमिज शैलीचं देऊळ, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना चार छोटी मंदिरं. सकाळी तिथे बहुतेक वेळा मी, एक पुजारी आणि आवारातलं कुत्रं एवढेच असतो. शिखराचा दगड उन्हात काळ्याचा तपकिरी होतो ते बघायला तासभर लागतो, डबा असेल तर दीड तास. अकराच्या आत पुन्हा स्टँडवर या आणि पुण्याची पहिली मिळेल ती गाडी धरा. बसायला जागा नसली तरी धरा, संगमनेरला बरेचजण उतरतात.