रक्तवाहिन्या पाठ करू नका, स्वतःच्या अंगावर शोधा

बारावीचं बायोलॉजी असो, नर्सिंग असो की फिजिओ, रक्तवाहिन्यांचा चॅप्टर आला की मुलं ती लाल-निळी आकृती समोर घेऊन नावं पाठ करायला बसतात आणि दोन दिवसांनी विचारलं की हाताकडे जाताना सबक्लेव्हियन आधी की ॲक्झिलरी आधी इथंच गाडी अडते. मी नाशिकला शिकवते आणि दरवर्षी हेच बघते, म्हणून सांगते, रक्ताच्या एका थेंबाच्या मागे मागे जा, आणि वाटेत जिथं जिथं हाताला लागतंय तिथं बोट ठेवा. एक संध्याकाळ पुरते. सेकंद दाखवणारं घड्याळ, एक बॉलपेन, एक ओढणी, आणि घरातलं कुणीतरी बारीक अंगाचं माणूस, बस.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. धमनी म्हणजे शुद्ध रक्त आणि शीर म्हणजे अशुद्ध रक्त, असं नाहीये. हृदयापासून लांब नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर, एवढंच (शाळेच्या पुस्तकात यांनाच रोहिणी आणि नीला म्हटलेलं असतं, घाबरू नका). म्हणून तर फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं आणि फुप्फुसातून परत येणाऱ्या चार शिरांमध्ये ऑक्सिजनने भरलेलं. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि निम्मा वर्ग हमखास चुकतो.

दुसरं म्हणजे नावं का बदलतात ते. मुंबई-आग्रा हायवे एकच आहे ना, पण नाशिकमध्ये आपण त्यालाच कुठं मुंबई नाका म्हणतो, पुढं द्वारका, पुढं आडगाव नाका, रस्ता तोच, जागेवरून नाव. तसंच हातात जाणारी नळी कॉलरबोनखाली असते तोवर सबक्लेव्हियन, पहिल्या बरगडीची कड ओलांडून काखेत आली की ॲक्झिलरी, दंडात उतरली की ब्रेकियल. हे एकदा पटलं की अर्धी पाठांतराची कटकट तिथंच संपते.

आता हात डाव्या छातीवर ठेवा. डाव्या जवनिकेतून, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातून, महाधमनी म्हणजे एओर्टा निघते, सुरुवातीला साधारण इंचभर व्यासाची, आणि निघाल्या निघाल्या पहिल्या दोन फांद्या ती हृदयालाच देते, त्या कोरोनरी, मग बाकीच्यांना. वर जाऊन ती कमानीसारखी वळते आणि कमानीतून तीनच फांद्या निघतात. इथं नीट लक्ष द्या कारण दोन्ही बाजू सारख्या नाहीत, उजवीकडे आधी एक सामाईक खोड निघतं, ब्रेकियोसेफॅलिक, त्याचे पुढं मान आणि हात असे दोन भाग होतात, डावीकडे मात्र मानेची कॅरोटिड वेगळी आणि हाताची सबक्लेव्हियन वेगळी. आकृती काढताना मुलं दोन्हीकडे सारखं काढतात आणि मार्क घालवतात.

कॅरोटिड शोधायला कंठमण्यावर बोट ठेवा आणि बाजूला सरकवा, मानेच्या तिरक्या स्नायूच्या अलीकडच्या खाचेत ठोका लागेल. एका वेळी एकच बाजू, आणि हलक्या हाताने. तिथं रक्तदाब मोजणारे शरीराचे स्वतःचे सेन्सर असतात, जोरात दाबलं तर हृदयाचा वेग पडतो आणि माणसाला चक्कर येऊ शकते, आजी-आजोबांच्या मानेवर तर हा प्रयोग अजिबात नको.

हात सोपा आहे. कोपर सरळ करा, दंडाच्या स्नायूची जाड दोरी पुढून लागते, तिच्या आतल्या बाजूला ब्रेकियल, बीपी मोजताना स्टेथोस्कोप ठेवतात ती हीच. कोपराखाली तिचे दोन भाग होतात, अंगठ्याकडे रेडियल, करंगळीकडे अल्नर. मनगटाला अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून तीस सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा, पण मोजताना स्वतःचा अंगठा वापरू नका, त्यात तुमचीच नाडी लागते. मग मूठ घट्ट आवळून दोन्ही नळ्या एकदम दाबून धरायला समोरच्याला सांगा, मूठ सैल सोडा, तळवा पांढरट दिसेल, आता फक्त करंगळीकडचं बोट उचलायचं, काही सेकंदात सगळा तळवा गुलाबी होतो, अंगठ्यासकट. कारण तळव्यात दोन्ही धमन्या कमानीने जोडलेल्या आहेत, एक बंद पडली तरी दुसरी पाणी पुरवते.

पोटासाठी बारीक माणसाला उताणं झोपवा, गुडघे वाकवून, आणि बेंबीच्या थोडं वर सावकाश दाबा. आत खोल जी धडधड लागते ती महाधमनी. इथून ती जठर, यकृत, आतडी, किडन्या सगळ्यांना फांद्या देते, त्यातल्या किडन्या इवल्याशा असून हृदयाच्या एकूण पुरवठ्याचा साधारण पाचवा हिस्सा घेतात, कारण त्यांना नुसतं जगायचं नाहीये, रक्त गाळायचंय. बेंबीच्या आसपासच, कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी, महाधमनीचे दोन भाग होतात. वयस्कर माणसाच्या पोटात पसरट, धडधडणारा गोळा लागला तर मात्र प्रयोग थांबवा, पुन्हा दाबू नका आणि सरळ डॉक्टर गाठा.

पाय लोक टाळतात आणि खरं तर तोच महत्त्वाचा. जांघेच्या मधोमध फेमोरल, चांगली ठणठणीत लागते. गुडघ्यामागच्या लवणीत पॉप्लिटियल, ती खोल असते, गुडघा थोडा वाकवून दोन्ही हातांची बोटं आत रुतवावी लागतात, पहिल्या दिवशी नाही सापडली तर वाईट वाटून घेऊ नका. मग पावलावर या, अंगठा वर उचला म्हणजे एक दोरी उठून दिसते, तिच्या बाहेरच्या बाजूला अगदी हलकं बोट, ही डॉर्सॅलिस पेडिस. काही चांगल्या धडधाकट माणसांतही ती लागत नाही, तेव्हा आतल्या घोट्याच्या मागे पोस्टिरियर टिबियल बघा. सापडली की बॉलपेनने फुली मारा. घरात डायबेटिसवालं कुणी असेल तर त्यांचे पाय नक्की बघा, दोन्ही ठिकाणी ठोका लागत नसेल, पाऊल गार असेल, चालताना पोटरी दुखून थांबावं लागत असेल तर दाखवून घ्या, जखम व्हायची वाट बघू नका.

नख दाबा, पांढरं होईल, सोडा, दोनेक सेकंदात लाल. त्या केशवाहिन्या. इतक्या बारीक की लाल पेशी एकामागे एक रांगेने जातात, आणि भिंत एका पेशीच्या जाडीची. निफाड-दिंडोरीकडच्या, द्राक्षबागा असलेल्या घरातल्या मुलांना मी सांगते, ठिबकची मेन लाईन, सबमेन, लॅटरल सगळं कशासाठी, तर ड्रीपरमधून वेलीच्या मुळाशी पाणी पडावं म्हणून. केशवाहिनी म्हणजे ड्रीपर, देणंघेणं काय ते तिथंच होतं.

परतीच्या वाटेवर दाब जवळजवळ संपलेला असतो, म्हणून शिरांच्या भिंती पातळ आणि आत झडपा. या झडपा रक्त हृदयाकडेच जाऊ देतात हे इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वीने १६२८ मध्ये दाखवलं आणि त्याचा प्रयोग घरी होतो. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील फी भरायला आले होते, छाटणीचे दिवस, हातावरच्या शिरा दोरखंडासारख्या. म्हटलं भाऊ, जरा हात द्या. दंडाला ओढणी बांधली, नाडी बंद पडणार नाही इतपतच, शिरा फुगल्या, मध्येमध्ये गाठी दिसायला लागल्या, त्या झडपा. एक बोट शिरेवर खाली दाबून धरलं आणि दुसऱ्या बोटाने तिथून वर पुढच्या गाठीच्या पलीकडे रक्त सारलं, मधला तुकडा सपाट झाला आणि सपाटच राहिला, वरून काही परत येईना. खालचं बोट उचललं की झर्रकन भरला. ते बघतच राहिले, म्हणाले, "मॅडम, हा तर एनआरव्ही आहे की, मोटरीपुढं बसवतो तो." एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी मागे येऊ न देणारा. मुलीने तेव्हाच वहीत तसंच लिहून घेतलं.

हार्वीला धमनीतून रक्त शिरेत जातं कसं ते दिसलं नव्हतं, मधल्या केशवाहिन्या १६६१ मध्ये इटलीच्या माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात मायक्रोस्कोपखाली बघितल्या.

पायातून वर चढायला रक्ताला पोटरीचा पंप लागतो, स्नायू आवळला की शीर पिळली जाते आणि झडप खाली येऊ देत नाही. तासन् तास उभं राहणाऱ्यांच्या झडपा ढिल्या पडल्या की रक्त साचून शिरा फुगतात, त्या व्हेरिकोज. आतल्या घोट्याच्या पुढून जी निळी शीर वर जाते ती शरीरातली सगळ्यात लांब, ग्रेट सॅफेनस, बायपासला हीच काढून वापरतात. पुढं खालचं सगळं रक्त खालच्या महाशिरेतून, डोक्या-हातांचं वरच्या महाशिरेतून उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात. आतड्यांचं तेवढं सरळ येत नाही, ते पोर्टल शिरेने आधी यकृतात जातं, जेवणातलं जे काही शोषलं ते तपासून मगच पुढं.

आता पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर पावलावरच्या त्या फुलीपासून उलटं हृदयापर्यंत या, लाल पेनने, मग निळ्याने परत. जिथं अडाल तेवढंच उघडून बघा आणि लगेच बोट ठेवून बघा.